तुझं ‘वड’ का माझं?

संपादक म्हणाले, "मास्तर, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." अहो, गमती कसल्या? मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात सुतारकाम शिकवलं. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातात पटाशी, करवत, लाकूड तासायचा वाकस दिला आणि वर त्यांना सांगितलं की बोटं सांभाळा. हे काम ज्यानं केलं त्याच्याजवळ गमती असतात, नाही असं नाही. पण त्या आठवायला बसलं की आधी पोरांची बोटंच आठवतात. माझी सगळी नोकरी भीतीत गेली. इतर मास्तर लोक मला तोंडावर भित्रा म्हणायचे. म्हणोत. त्यांच्या तासाला पोराचं फार तर व्याकरण चुकायचं.

आधी आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं की हत्यार धरलेला हात कापतो. तसं नसतं. हत्यार असतं उजव्यात आणि कापला जातो डावा. कारण डावा रिकामा असतो, आणि रिकाम्या हाताला नसते उद्योग सुचतात. पटाशी चालू असताना तो पुढं जाऊन लाकूड धरतो, करवत चालू असताना रेघेवरचा भुसा झाडतो. म्हणून मी पोरांना आधी हत्यार देतच नसे. नुसता डावा हात कुठं ठेवायचा ते शिकवायचो. "पटाशीच्या पुढं काय?" "लाकूड, मास्तर." "आणि लाकडाच्या पुढं?" "काही नाही, मास्तर!" हे एका सुरात म्हणून घ्यायचं. शेजारी संस्कृतचा वर्ग होता. तिथले शास्त्री म्हणायचे, "तुमच्या स्तोत्रानं आमचं पाठांतर बुडतं हो."

हत्यारांना मी धार लखलखीत ठेवायचो. पालक येऊन कुरकुरायचे, की लहान मुलं आहेत, जरा बोथट द्या. बोथट पटाशीसारखी वाईट वस्तू नाही. ती लाकडात शिरत नाही, मग पोर जोर लावतं, मग ती सटकते आणि लावलेला सगळा जोर घेऊन मांडीत जाते. नव्या पेठेतल्या एका सराफांचा मुलगा बोटात पुष्कराजाची अंगठी घालून यायचा. मी ती काढायला लावली, तर सराफ दुसऱ्या दिवशी दारात हजर. "मास्तर, ती संकट टळावं म्हणून घातलीय." म्हटलं, "शेठ, मी पण त्याचसाठी काढायला लावलीय." ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. अंगठी करवतीत अडकली तर बोट अंगठीबरोबर जातं, हे त्यांना कसं सांगायचं? सांगितलं असतं तर त्यांनी पोरालाच काढून नेलं असतं.

तास संपला की मी दारात उभा राहायचो. प्रत्येक पोरानं दोन्ही हात पसरून, बोटं फाकवून दाखवायचे आणि मगच बाहेर पडायचं. का, तर पोरं जखम लपवतात. मास्तर ओरडेल म्हणून मुठीत धरून घरी जातात आणि दोन दिवसांनी हात सुजवून येतात. या हात बघण्यावरून पोरांनी मला ‘जोशीबुवा’ नाव पाडलं होतं. एखादा वात्रट हात पुढं करून विचारायचा, "मास्तर, मॅट्रिक होईन का?" मी म्हणायचो, "बोटं शाबूत राहिली तर होशील. चल, पळ."

आता मुख्य गोष्ट. ती लिहावी की नाही असं फार वेळ चाललं होतं मनात.

शाळेच्या अंगणात कडुनिंबाचं एक जुनं झाड होतं. वळवाच्या वादळात ते पडलं. हेडमास्तर पुण्याचे, उत्साही गृहस्थ. त्यांनी ठरवलं की या लाकडाच्या फळ्या आपल्याच मुलांनी पाडायच्या आणि आपल्याच वर्गांची बाकं करायची. कल्पना छान होती. मी ऐकली आणि मला घाम फुटला. म्हटलं, "साहेब, फळ्या पाडायला आरेवाले बोलवू. रंध्याचं काम पोरांना देऊ." ते म्हणाले, "मास्तर, भीतीनं का कुठं स्वावलंबन शिकवता येतं?" साहेबांपुढं काय बोलणार? आरा धार लावायला काढला.

आरा म्हणजे दोघांनी चालवायची मोठी करवत. लाकडाच्या उंच घोडीवर ओंडका तिरका टेकवतात. एक जण ओंडक्यावर वर उभा राहतो, दुसरा खाली जमिनीवर. आरा दोघांच्या मधे उभा. वरचा आरा वर उचलून घेतो आणि रेघ सांभाळतो. खालचा तो जोरानं खाली ओढतो, आणि त्या ओढण्यातच लाकूड कापलं जातं. खालच्याला वरचं काही दिसत नाही. मधे ओंडका, डोळ्यांवर भुसा, मान खाली. तो आंधळाच असतो म्हणा ना. त्याला मिळते फक्त वरच्याची हाक. हाक आली की ओढायचं, नाही आली तर नाही. म्हणून मला ते काम नको होतं.

मी हाक शिकवली ‘ओढ’. पण आऱ्याला खाली सगळ्यांत दणकट पोर होतं बिरा, सांगोल्याकडच्या धनगराचं. बाप मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचा, पोर बोर्डिंगात राहून शिकायचं. त्याच्या तोंडात ओढ म्हणजे ‘वड’. "मास्तर, ओढ म्हनाया येळ लागतोय. वड म्हनलं की कसं, दनकून वडाया येतंय." झालं. सगळ्या वर्गाची हाक ‘वड’ झाली. हेडमास्तर एकदा व्हरांड्यातून बघत होते, ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो मास्तर, झाड तर कडुनिंबाचं, मग ही मुलं वड वड का ओरडतात?" तेवढ्यापुरतं मला हसू आलं होतं.

वर उभा राहायचा नरसय्या. साखर पेठेतल्या विणकराचा मुलगा, घरी तेलुगू. काटकुळा, पण नजर इतकी नेमकी की रेघ सूतभर इकडची तिकडं व्हायची नाही. घरी मागावर बसायची सवय. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारेपर्यंत दुसऱ्याचं लक्षही जायचं नाही. ही जोडी आऱ्यावर चांगली जमली होती. एरवी मात्र दोघांचं पटायचं नाही. नरसय्या म्हणायचा, बिराच्या सदऱ्याला मेंढरांचा वास येतो. त्या अपघाताच्या आदल्याच दिवशी दोघं अंगणात भांडले आणि बिरा सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्यांदा बोलशील तर बोटं मोडून हातात देईन." पोरं असंच बोलतात. मी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि विसरून गेलो.

शाळेतल्या झाडाला आयुष्यभर खिळे मारलेले असतात. गॅदरिंगच्या पताका, सूचनांचे फळे, घंटेची दोरी. दिसले तेवढे मी उपटले होते, पण साल वाढून खिळे आत गिळले जातात. पोरांना बजावलं होतं, "खिळ्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं. आऱ्याचा दात खिळ्यावर गेला तर तुटून उडतो आणि सरळ डोळ्यात जातो." नरसय्यानं माझं ऐकलं. तेच नडलं.

गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. वर्गामागच्या अंगणात मी घोडीला लागूनच उभा होतो, पाचर ठोकायला मोगरी उचलत होतो. आरा वर गेला आणि तिथंच थांबला. मग वरून नरसय्याची हाक आली, एकदा नाही, लागोपाठ, अगदी मोठ्यानं. ‘वड! वड!’ मला वाटलं, वा, आज स्वारीला जोर चढलाय. बिरानं दणकून ओढलं.

आणि वरून जी किंकाळी आली ती मला आजही ऐकू येते. दिवाळीत पोरं फटाके लावून ओरडतात ना, तेव्हासुद्धा येते.

वर चढलो तर नरसय्या डावा हात पोटाशी धरून बसला होता आणि आऱ्याच्या पुढं रेघेवर रक्त. तर्जनी आणि मधलं बोट. मी डोक्याचा रुमाल सोडला, हात आवळून बांधला. पहिली गाठ सुटली, मग टोक दातात धरून दुसरी मारली. बिरा खाली आऱ्याची मूठ धरून तसाच उभा. भुशानं तोंड भरलेलं. "काय झालं? मास्तर, काय झालं?" त्याला काही दिसलंच नव्हतं. नरसय्याला उचलून टांग्याकडं धावलो. वर्गाच्या दारापाशी आलो तर बाकीची पोरं रांगेत उभी होती, दोन्ही हात पसरून, बोटं फाकवून. घंटा झाली होती, आणि त्यांना तेवढंच शिकवलं होतं. मला ते बघवलं नाही. मी मान खाली घालून त्यांच्यामधून गेलो.

डॉक्टर म्हणाले, मधलं बोट वाचेल, तर्जनीचं पुढचं पेर गेलं. बाकी पू झाला नाही तर हात राहील. ‘पू झाला नाही तर’ या शब्दांवर मी पुढचे सगळे दिवस काढले. त्या काळात नुसत्या काट्यानं माणसं गेलेली मी बघितली होती.

नरसय्याची आई दवाखान्यात आली ती रडली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. तिचं मराठी आपल्या पेठेपुरतं. "मास्तर, धागा कशानं जोडायचा? हे दोन बोटानंच की. माझ्या पोरगा शाळा शिकला नाही तरी मागावर बसला असता. आता शाळा पण नाही, माग पण नाही. काय केला तू हे?"  

दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशी. हेडमास्तरांनी बिराला उभं केलं. बिरा म्हणाला, "त्यो वड म्हनला की. दोनदा म्हनला. म्या वडलं." नरसय्याला दवाखान्यात जाऊन विचारलं. तो म्हणाला, "रेघेत काहीतरी चमकलं. खिळा वाटला म्हणून बोट लावून बघत होतो. तो सवयीनं ओढेल म्हणून मी नको नको असं ओरडलो. तरी त्यानं ओढलं." मग पोरांपैकी कुणीतरी आदल्या दिवसाचं भांडण सांगितलं. बोटं मोडून हातात देईन. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

मी म्हणालो, "साहेब, मी जवळच होतो. मीसुद्धा ‘वड’च ऐकलं."

ते म्हणाले, "मास्तर, जरा विचार करा. स्वतःचं बोट दातांपुढं असताना कुठला मुलगा ‘ओढ’ म्हणून ओरडेल? मग नरसय्या खोटं बोलतो का?"

 नरसय्याच्या तोंडात खोटं कधी आलं नव्हतं. आणि बिरा, तो तर खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे त्याचे. त्या दिवशी झाले नव्हते. दोघं खरं बोलतात म्हणावं तर गोष्ट जुळेना. मग मला माझ्याच कानांची भीती वाटायला लागली. जो शब्द मला ऐकायचा होता तोच मी ऐकला की काय? का पोराला वाचवायला मीच मनात काही रचतोय? रात्री डोळा लागेना. बायको म्हणायची, "किती कुशी बदलता, जरा पडून राहा की." पडून राहिलो की आरा वर थांबलेला दिसायचा.

हेडमास्तर वाईट नव्हते. पण पोलिसांत प्रकरण गेलं तर शाळेची अब्रू जाणार, म्हणून त्यांनी ठरवलं की आठवडा संपला की बिराचं नाव काढायचं. नाव काढलं की बोर्डिंग सुटणार. बाप कुठल्या माळावर मेंढरं घेऊन हिंडतोय हे बोर्डिंगवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. पोरानं जायचं कुठं? बिरानं मला विचारलंसुद्धा नाही. वर्गात येऊन कोपऱ्यात बसायचा. तास संपला की सगळ्यांच्या शेवटी येऊन हात दाखवायचा, आणि ते हात दाखवताना माझ्याकडं बघायचा नाही.

मी रोज शाळा सुटली की दवाखान्यात जायचो. बिरा माझ्या मागं यायचा, पण अंतर ठेवून. आत यायची त्याची छाती नव्हती. खिडकीबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मी त्याला कधी ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

असंच एका संध्याकाळी कंपाउंडर पट्टी बदलायला बसला. नवा माणूस, साताऱ्याकडून बदलून आलेला, हाताला रांगडा पण मनाचा बरा. पट्टी जखमेला चिकटली होती. त्यानं कोमट पाणी सोडलं, जरा वाट बघितली आणि टोक धरून ओढायला लागला. नरसय्या खाटेवर ताठ झाला आणि ओरडला, "वद्दु! वद्दु!"

कंपाउंडर वैतागून म्हणाला, "अरे, ओढतोच आहे ना बाबा! घाई काय करतोस? दम धर."

पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडलाच नाही. तोवर खिडकीच्या गजांत बिराचं तोंड दिसलं. "मास्तर! ऐकलं न्हवं? ऐकलं न्हवं का? असंच म्हनला त्यो! अगदी असंच!"

नरसय्याच्या आईनं कंपाउंडरचा हात धरला होता. "ओढू नको रे! नको म्हणतोय लेकरू. वद्दु म्हणजे नको!"

मी खाली फरशीवरच बसलो. अहो, या गावात मी इतकी वर्षं काढली, बाजारात, रस्त्यात तो शब्द शंभरदा कानांवरून गेला असेल. पण मी बार्शीकडचा, विणकरांच्या पेठेत माझं जाणंयेणं नाही. आणि आऱ्याजवळ उभं राहिलं की कान एकाच शब्दाची वाट बघत असतो. तोच शब्द आला असं त्याला वाटतं. आमच्या धनगराच्या पोराचं ‘वड’ आणि विणकराच्या पोराचं ‘वद्दु’. एकाचं ओढ, दुसऱ्याचं नको.

मी नरसय्याला विचारलं, "बाळा, त्या दिवशी तू नको म्हणालास का वद्दु म्हणालास?" तो रडता रडता गोंधळला. "मी... नकोच म्हणलो, मास्तर." मग थोड्या वेळानं, "माहीत नाही." खरंच आहे. जिवावर बेतलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतो आणि आपण कुठल्या भाषेत ओरडलो हे त्याचं त्यालाच कळत नाही. पोरगं शाळेत मराठीत नापास झालं नव्हतं कधी. पण तिथं शाळा कुठं होती?

बिरा अजून गज धरून उभा होता. नरसय्यानं त्याच्याकडं बघितलं.  मग आईला तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, आता हिनं पोराला धरून मारलं तर आपण मधे पडायचं. तिनं त्याच्या दंडाला धरून आत आणलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसवलं. "बस. बाहेर काय चोरावानी?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना न विचारताच हेडमास्तरांच्या खोलीत घेऊन गेलो. म्हणजे बिराला आणि कंपाउंडरला. कंपाउंडर बिचारा, "मी काही चूक केली का साहेब?" म्हणून घाबरलेला. त्यानं सगळं सांगितलं. हेडमास्तरांनी टेबलावरचा बिराच्या नावाचा कागद फाडला. मग म्हणाले, "मास्तर, मी या मुलाला रस्त्यावर काढायला निघालो होतो."  नाव काढायचं राहिलं. त्या माणसाचा उत्साह मला कधी आवडला नाही, पण त्या सकाळी मात्र त्यांनी बिराच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गापुढं ‘माझं चुकलं’ म्हटलं. तसं म्हणणारे हेडमास्तर मी पुढं फारसे बघितले नाहीत.

पुढं दर वर्षी पहिल्या तासाला मी एक नवाच धडा ठेवला. प्रत्येकानं आपल्या घरी ‘नको’ला काय म्हणतात ते सांगायचं आणि सगळ्यांनी ते पाठ करायचं. तेलुगूत वद्दु. अक्कलकोटकडच्या पोरांचं कानडी ब्याड. मुसलमान पोरांचं दखनी नक्को. त्यावर सगळे हसायचे, कारण ते तर आमचंच. शास्त्री पुन्हा कुरकुरले, की आता काय चार भाषांचं स्तोत्र का? म्हटलं, हो, चार भाषांचं.

नरसय्याचा हात राहिला. पू झाला नाही. तर्जनी मात्र आखूड आणि ताठ. तो घरी आला तेव्हा मी त्याच्याकडं गेलो होतो. आईनं मागावरचा एक धागा तोडला आणि त्याच्यापुढं धरला. नुसती मान हलवली, जोड म्हणून.  तो आखूड बोट पुढं करायचा, धागा सुटायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचा. शेवटी त्यानं ते बोट बाजूला घेतलं आणि अंगठा व मधलं बोट लावून बघितलं. वेळ लागला. फार वेळ लागला. पण गाठ बसली. आईनं धागा ताणून बघितला, तुटला नाही. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्तर, चहा घेऊन जावा." मी तो चहा प्यालो आणि बाहेर येऊन गल्लीत भिंतीला टेकून रडलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

राहता राहिला ओंडका. अर्धा चिरलेला, त्यात आरा तसाच अडकवून ठेवलेला. कुणी त्याच्याजवळ जाईना. मी तर त्या बाजूला बघतसुद्धा नव्हतो. मनातून ठरवलं होतं की आरेवाल्यांना बोलवून एकदाचं ते संपवायचं, साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. पण नरसय्या शाळेत आला त्याच दिवशी तासाला ओंडक्यापाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, फळी अर्धीच हाय."

"असू दे अर्धी."

"मी वर चढू?"

मी म्हटलं, "नाही." तो चढला. माझा धाक असा! उजव्या हातानं मूठ धरली आणि डावा हात, मी पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं तसा, पाठीमागं नेला. मग खाली बघून हाक मारली, "बिरा."

बिरा कोपऱ्यात होता. जागचा हलेना. "म्या न्हाय वडायचा," म्हणाला. "मास्तर, म्या न्हाय." दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.  

"बिरा, ये की," नरसय्या म्हणाला.

तो आला. घोडीखाली शिरला, मूठ धरली. मी म्हणालो, "आता ‘वड’ नाही म्हणायचं हं. ‘खेच’ म्हणायचं. कळलं का नरसय्या? खेच." तो हो म्हणाला. आरा वर उचलला. मी घोडीचा खांब दोन्ही हातांनी धरला होता. वरून हाक आली, आणि आली ती सवयीची.

"वड!"

बिरानं ओढलं नाही. खाली भुशात मान घालून तसाच थांबला. मूठ पांढरी पडेपर्यंत आवळलेली. मग त्यानं वर न बघता विचारलं,

"तुझं वड का माझं?"

 वरून नरसय्याचा आवाज आला.

"तुझं."

बिरानं ओढलं. मी डोळे मिटून घेतले होते. पायावर भुसा पडला तेव्हा उघडले. आरा पुन्हा वर गेला.

"वड."

"तुझं का माझं?"

"तुझं."

फळी पुरी निघेपर्यंत प्रत्येक वेळी तो खालून विचारत होता आणि हा वरून सांगत होता. काम फार सावकाश चाललं होतं. तासाची घंटा होऊन गेली, पोरं हात दाखवायला दारात उभीही राहिली नाहीत, सगळी ओंडक्याभोवती बसून होती. मी एकदाही लवकर आटपा म्हटलं नाही.